बेबीताईंनी सोडलेलं सगळं परत घेतलं

आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या आमच्या विभागात, छताला लागून एक मोठी क्रेन आहे. दोन्ही भिंतींवरच्या रुळांवरून ती पुढे-मागे धावते आणि तिला लटकलेल्या काचेच्या केबिनमध्ये बेबीताई पातुरकर बसतात. मी खाली उभा असतो. लोड साखळदंडांत नीट बांधायचा आणि हाताच्या इशाऱ्यांनी वर, खाली, डावीकडे, थांबा असं सांगायचं, हे माझं काम. माझं नाव भाऊराव. जबलपूरच्या रांझीतल्या या कारखान्यात माझी हयात गेली आणि क्रेनवर बसणारी नाना तऱ्हेची माणसं मी पाहिली. कोणी लोड असा आपटायचा की बाकावरच्या ग्लासातला चहा उडायचा. कोणी इतका हळू चालवायचा की वर बघून बघून आमच्या माना आखडायच्या. बेबीताईंसारखा हात मात्र दुसरा पाहिला नाही. कित्येक टनांचा लोखंडी साचा त्या झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा ठेवतात.

नवरा अचानक गेला तेव्हा त्यांना अनुकंपेवर नोकरी मिळाली. मुलगी रुचिरा त्या वेळी शाळेत होती. साहेबांनी बेबीताईंना स्टोअरमध्ये बसवलं, हातमोजे आणि साबण वाटायला. तिथे त्या वर्षभर कुढल्या. मग क्रेनसाठी माणसं शिकवणार अशी नोटीस लागली आणि बायकांमधून एकट्या बेबीताईंनी नाव दिलं. काहून म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "वरून सगळं शॉप दिसतं जी, आणि तिथे कोणी डोकं खायला येत नाही." आम्ही हसलो. महिन्याभरात आमचं हसणं आपोआप बंद झालं.

घोडं अडलं ते ट्रेड टेस्टपाशी. मोठ्या क्रेनवर कायम राहायचं तर बोर्डापुढे परीक्षा द्यावी लागते. साहेब लोक खाली उभे राहतात, लोड उचलायला लावतात, दोन खांबांमधून न्यायला लावतात आणि जमिनीत रोवलेल्या चार खुंट्यांवर अलगद बसवायला लावतात. आमच्या शॉपमध्ये तीन वेळा संधी मिळते. तिन्ही हुकल्या तर क्रेन सोडायची आणि आपल्या जुन्या जागी जायचं. बेबीताईंची जुनी जागा म्हणजे ते साबण आणि हातमोजे. त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "भाऊराव, मला परत त्या काउंटरवर बसवलं ना, तर मी जिवंत राहीन, पण नुसतीच राहीन." थट्टेत म्हटलं नव्हतं ते.

आणि याच बाईचे हात बोर्ड समोर आलं की थरथरायचे! रोज जे काम त्या गप्पा माराव्यात इतक्या सहज करायच्या, तेच साहेबांच्या नजरेखाली जमेना. पहिल्या परीक्षेत लोड इतका झुलला की खांबाला घासून गेला. साहेबांनी मान हलवली. मी खाली उभा राहून मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या, त्यात मी स्वतःही होतो.

आता आमच्या मराठी घरांतली एक रीत सांगायला हवी. रांझी असो की अधारताल, पिढ्यान् पिढ्या जबलपुरात काढल्या तरी ही रीत काही सुटलेली नाही. देवाकडे काही मागायचं असलं की आपण काहीतरी सोडायचं. शहाणी माणसं हे बेताने करतात. माझ्या काकांनी काशीला जाऊन दोडका सोडला आणि दोडका त्यांनी जन्मात तोंडात घातला नव्हता. माझ्या बायकोने मुलाच्या बारावीसाठी कारलं सोडलं, तेव्हा घरात सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. देव समजूतदार आहे, चालवून घेतो. बेबीताईंना एवढा व्यवहार कळत नव्हता. त्यांनी सोडायचं म्हणून जे खरंच आवडतं तेच सोडलं.

पहिल्या परीक्षेआधी ग्वारीघाटावर जाऊन, नर्मदामैयाला हात जोडून त्यांनी खव्याची जलेबी सोडली. जबलपूरच्या माणसाला खव्याची जलेबी समजावून सांगायची गरज नाही. बाहेरच्यांनी इतकंच समजावं की ती काळपट दिसते, जाड असते, पाकात बुडलेली असते आणि गरम असताना समोर आली तर माणसाचं भांडणही मध्येच थांबतं. दर शनिवारी ड्यूटी सुटली की बेबीताई दुकानासमोर उभ्या राहून एक जलेबी डोळे मिटून खायच्या. ती बंद झाली. परीक्षेत नापास झाल्यावर त्यांनी अनुमान काय काढलं, तर मैयाला जलेबी कमी पडली! मग दुसऱ्या परीक्षेसाठी त्यांनी कॅरम सोडला. संध्याकाळी क्वार्टरच्या ओट्यावर कॅरम मांडून त्या असा आरडाओरडा करायच्या की पलीकडच्या लाइनीतल्या लोकांना राणी कोणी घेतली ते कळायचं. तोही आवाज थांबला. दुसऱ्या परीक्षेत लोड खुंट्यांना चुकवून हातभर बाजूला बसला. पहिल्यापेक्षा वाईट.

मग त्यांनी गाणं सोडलं. बेबीताईंचं गाणं म्हणजे मैफलीतलं गाणं नव्हे. केबिनमध्ये बसल्या बसल्या त्या आमच्यावर गाणी रचायच्या, फोरमनच्या मिशांवर, कँटीनच्या डाळीवर, कोणाकोणावर. खाली यंत्रांच्या आवाजात आम्हाला काही ऐकू यायचं नाही, फक्त काचेमागे ओठ हलताना दिसायचे आणि लोड कसा पाण्यातून सरकावा तसा जायचा. आता ओठ मिटले. सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कधी टंचाई नसते, त्यामुळे शॉपमधल्या प्रत्येकाने त्यांना शाबासकी दिली. "अब की बार पक्का, दीदी," असं जो तो म्हणायचा. माझं तर टाळकंच फिरायचं. बाईचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा कोरा होत चालला होता, आणि हे लोक तपश्चर्या म्हणून माना डोलावत होते.

एके दिवशी काहीच परीक्षा-बिरीक्षा नसताना, रोजच्या कामात, लोड झुलला आणि माझ्या खांद्याला वारा घालून गेला. मी ओरडलो. वर पाहिलं तर बेबीताईंनी दोन्ही हात लिव्हरवरून काढून छातीशी धरले होते. त्या शिडी धरून एकेक पायरी खाली उतरल्या. मी त्यांना सरळ दवाखान्यात घेऊन गेलो.

डॉक्टर चिन्मयी जबलपुरातल्याच राइट टाउन भागातल्या. घरचं मराठी त्यांना सगळं कळतं, बोलताना मात्र गाडी हिंदीच्या रुळावर जाते. त्यांनी बेबीताईंचं रक्त तपासायला पाठवलं, नाडी पाहिली, हात पुढे करायला लावले. दोन दिवसांनी रिपोर्ट आले, सगळे ठीक. तेव्हा डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काकू, अच्छा एक सांगा. कल से आज तक तुम्ही काय मजा केली?"

बेबीताईंनी माझ्याकडे पाहिलं, जणू उत्तर मला ठाऊक असावं. मग म्हणाल्या, "मजा? मजा कशाची करणार जी?" आणि एकेक करून काय काय सोडलं ते सांगितलं.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. म्हणाल्या, "देखो काकू, शरीरात एक भोंगा असतो. कारखान्यासारखा. धोका दिसला की तो वाजतो. दिल धडधड, हात थरथर. बोर्डाचे साहेब म्हणजे काही शेर नाहीत, पण भोंग्याला हे कोण समजावणार? मग असं आहे की ज्याच्या शरीराला रोज थोडी खुशी मिळते ना, त्याचा भोंगा हळू वाजतो. चूहों पर भी करके देखा है. काही दिवस थोडंसं गोड पाणी दिलं आणि मग घाबरवलं, तर ते कमी घाबरले. पोट भरायची गरजच नाही. जिभेला मजा आली, बस. आणि गोडच पाहिजे असं पण नाही, जे आवडतं ते. गॅरंटी मी देत नाही. लेकिन तुम्ही तर भोंगा हळू करणारी एक-एक चीज उचलून बाहेर ठेवली."

बाहेर पडल्यावर बेबीताई माझ्यावरच उखडल्या. "हिला सांगायला काय जातं? मैयाला शब्द दिला आहे मी. मोडू तो?"

मी म्हटलं, "तुम्ही जलेबी सोडली. तिच्यासारखीच इमरती कुठे सोडली?"

त्यावर त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. इशारे मात्र बरोबर पाळत होत्या. मैयाला फसवायचं हे त्यांच्या गणितातच बसत नव्हतं, आणि खरं सांगतो, मलाही माझ्या तोंडचं ते बोलणं नंतर बेचव वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळी रुचिरा स्कूटी घेऊन दारात हजर. "काका, आईने बुलाया है. काकूंना पण घ्या. ग्वारीघाटावर जायचं." रुचिरा आता कॉलेजात आहे आणि तिचं मराठी असंच, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं. आम्ही नवरा-बायको मोटारसायकलवर मागे निघालो. घाटावर पोचलो तर बेबीताई आधीच गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात पानाचा द्रोण होता. द्रोणात खव्याची जलेबी. एकच.

त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, घरी नैवेद्याच्या ताटाभोवती फिरवतात तसं द्रोणाभोवती फिरवलं आणि नदीशी बोलायला लागल्या. आवाज काही लहान नव्हता. नाववाले वळून बघत होते.

"मैया, मी तुला जलेबी दिली. कॅरम दिला. गाणं पण दिलं. जे आवडीचं होतं ते सगळं तुझ्यापुढे मांडलं. आता तूच सांग, नैवेद्य दाखवल्यावर कोणी ताट देवापाशीच ठेवून घरी जातं का? माझी अक्कल पाहा, मी ताट ठेवून निघून आली! इतके दिवस उपाशी फिरून राहिली. तू दिलं नाही असं नाही. मीच घ्यायला आली नाही. आज आली. माझा प्रसाद मला दे."

मग त्यांनी डोळे मिटले आणि जलेबीचा एक लहानसा घास तोंडात घातला. त्या चावत होत्या आणि रडत होत्या, आणि रडता रडता हसायलाही लागल्या. रुचिराने जाऊन त्यांना मिठी मारली. आमच्या हिने नाक मुरडून माझ्या कानात विचारलं, "असं चालतं का हो?"

मी म्हटलं, "मैया काही बोलली का? नाही ना? मग चालतं."

त्या दिवसापासून बेबीताईंनी प्रसादाचा नियमच करून टाकला. प्रसाद म्हणजे थोडासाच, म्हणून जलेबीचा रोज एक घास, बाकीची रुचिराला. संध्याकाळी ओट्यावर कॅरम. पहिल्याच दिवशी त्या इतक्या ओरडल्या की शेजारचे लोक काही झालं की काय म्हणून धावत आले आणि खेळायलाच बसले. आणि वर केबिनमध्ये ओठ पुन्हा हलायला लागले. मला खालून बरं वाटायचं. नंतर रुचिराकडून कळलं की सध्याचं गाणं माझ्या पोटावर आहे आणि त्याला बरीच कडवी आहेत.

थरथर एका रात्रीत गेली असं मी सांगणार नाही. एखाद्या दिवशी हात हलायचा, मग दोन दिवस ठीक जायचे, मग एखादा साहेब सहज शॉपमध्ये डोकावला तरी बेबीताईंचं लक्ष लोडवरच आहे असं दिसायचं. चेहऱ्यावर रंग आला होता. फोरमनने एकदा मला विचारलं की हिला काही औषध-बिषध चालू केलं का. मी म्हटलं, हो, आणि ते रांझीत कढईत मिळतं.

तिसऱ्या परीक्षेचा दिवस उजाडला. बोर्ड सकाळी येणार होतं, ते जेवणानंतर येईल असा निरोप आला. वाट पाहण्याने माणसाचा निम्मा जीव जातो. माझं सकाळपासूनच डोकं दुखत होतं आणि ज्याच्या त्याच्या अंगावर मी खेकसत होतो. बेबीताई मात्र डबा उघडून शांतपणे पोळी-भाजी खात बसल्या. मी जवळ जाऊन विचारलं, "भीती वाटून राहिली का?"

"वाटून राहिली ना," त्या म्हणाल्या. "पोटात हा एवढा गोळा आहे. पण भाऊराव, हातापर्यंत नाही उतरला तो."

तीन साहेब आले. दोघे जुनेच, एक नवा, तरुण. शॉपमधली बाकीची कामं थांबवली होती आणि सगळे पिवळ्या रेषेच्या मागे उभे होते. बेबीताई शिडी चढून वर गेल्या. मी साचा बांधला, साखळदंड तपासले, हात वर केला. लोड उचलला गेला. खरं सांगतो, एवढं वजन इतकं गुपचूप जाताना मी पाहिलं नव्हतं. दोन खांबांमधून गेला, कुठे स्पर्श नाही. खुंट्यांवर आला, थांबला, खाली उतरला आणि जागेवर बसला. टक् असा आवाज झाला, बस.

माझ्या मागे कोणीतरी श्वास सोडला. तेवढ्यात तो तरुण साहेब म्हणाला, "एक बार और. उल्टी तरफ से."

असं कधी होत नाही. नियमात बसतं म्हणे, पण होत नाही. माझं धाबं दणाणलं. इतक्या कष्टाने जमवलेलं हे आता दुसऱ्यांदा कसं जमणार, या विचाराने माझ्या कपाळावर घाम आला. बेबीताईंनी वरून नुसती मान डोलावली. लोड पुन्हा उचलला. उलटा फिरून खांबांच्या मधोमध आला. मी पुढच्या इशाऱ्यासाठी हात पुढे केला, आणि वर क्रेनची घंटा वाजली. लोड हवेत जागच्या जागी थांबला.

तरुण साहेबाने वर पाहून विचारलं, "क्या हुआ? रोका क्यों?"

केबिनच्या खिडकीतून बेबीताईंनी डोकं बाहेर काढलं. त्यांचा आवाज चांगला खणखणीत होता. "साहब, नीचे भैया का हाथ काँप रहा है. सिग्नल साफ नहीं मिल रहा. मैं रुकती हूँ, उनको थोड़ा पानी पिलाइए."

मी माझ्या हाताकडे पाहिलं. पिंपळाच्या पानासारखा हलत होता. पिवळ्या रेषेमागून जे हसू फुटलं ते आवरेना. जुन्या साहेबांपैकी एकजण तर रुमाल तोंडाला लावून हसला. मग गंभीर होऊन तरुण साहेबाला म्हणाला, "ऑपरेटर बिल्कुल सही है. सिग्नल साफ नहीं, तो लोड हिलेगा नहीं."

मला पाणी दिलं गेलं. कोपर बरगडीला घट्ट दाबून मी हात स्थिर केला. एवढा वेळ, माझ्या पाणी पिण्याइतका वेळ, साऱ्या साहेबांच्या नजरा अंगावर घेऊन बेबीताई वर बसून होत्या आणि तो लोड हवेत जराही हलला नाही. मग मी इशारा दिला आणि त्यांनी तो पुन्हा चारही खुंट्यांवर आणून बसवला.

तरुण साहेब स्वतः वाकून खुंट्या बघून आला. उठला आणि म्हणाला, "पास."

मग जो गोंगाट झाला! लोकांनी पाने आणि हातोड्या लोखंडी बाकांवर आपटायला सुरुवात केली. सगळं शॉप दणाणलं. बेबीताई शिडीवरून उतरल्या, शेवटच्या पायरीवर थांबल्या आणि दोन्ही हात पुढे करून सगळ्यांना दाखवले. स्थिर. "हे पाहा," त्या म्हणाल्या, "माझेच आहेत हे!" मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. या बाईने परीक्षा जिंकली होती, आणि त्याहून मोठं म्हणजे आपलं अंग परत जिंकून घेतलं होतं.

गर्दी पांगल्यावर त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. कमरेवर हात. "आता सांगा. तुमचे हात काहून थरथरून राहिले होते?"

"काही नाही. असंच."

"भाऊराव."

त्या आवाजापुढे मी हात टेकले. "मागच्या सोमवारपासून चहा सोडला आहे," मी म्हटलं. "तुम्ही पास व्हावं म्हणून. घरी कोणाला सांगितलं नाही."

त्यांनी आधी कपाळावर हात मारून घेतला. मग रागाने माझ्याकडे पाहिलं आणि पाहता पाहता त्यांचे डोळेच भरून आले. दिवसाला सात-आठ कप पिणारा माणूस मी, हे त्यांना ठाऊक होतं. त्या तरातरा कँटीनकडे गेल्या आणि वाफाळता ग्लास घेऊन परत आल्या.

"माझ्यासाठी सोडला ना?"

"हो."

"मग आता माझ्यासाठीच प्या."

बोर्डाचे साहेब अजून दारातच उभे होते. त्यांच्या देखत, सगळ्या शॉपच्या देखत मी तो चहा प्यायलो. आलं जरा जास्त झालं होतं, पण दुसरा ग्लास मी स्वतःच मागून घेतला.